चढ हरवलेली चाळिशी

पुण्याहून सिंहगडाकडे, कात्रजकडे किंवा पानशेतकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रविवारी भल्या पहाटे अलीकडे सायकलींचे जे ताफे दिसतात, ते दूधवाल्यांचे किंवा वर्तमानपत्रे टाकणाऱ्यांचे नव्हेत. जाड दातेरी टायरांच्या, सरळ आडव्या हँडलच्या आणि अनेक गिअरच्या या सायकलींवर बसलेली माणसे बहुधा चाळिशी ओलांडलेली, बऱ्या पगाराची आणि आठवड्याचे उरलेले दिवस मोटारीतून कामावर जाणारी असतात. यांपैकी कित्येक सायकली घाटाच्या पायथ्यापर्यंत मोटारीच्या टपावर किंवा पाठीमागच्या सांगाड्याला बांधून आणलेल्या असतात. ज्या वाहनाने या शहराला एके काळी ‘सायकलींचे शहर’ ही ओळख मिळवून दिली, ते आता दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर बसून फिरावयास निघाले आहे. या दृश्याची थट्टा करणे सोपे आहे आणि ती होतेही. परंतु थट्टेने विषय संपत नाही. सुस्थितीतील प्रौढ माणसाला आठवड्यातून एकदा घाम गाळण्यासाठी डोंगराकडे धाव का घ्यावी लागते, आणि उरलेल्या सहा दिवसांत त्याच्या आयुष्यातून नेमके काय नाहीसे झाले आहे, हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

सुखसोय आणि सुख

अर्थशास्त्र हे माणसाच्या सुखाचे नव्हे, तर त्याच्या खर्चाचे शास्त्र आहे, असा आक्षेप या विषयावर नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु हा आक्षेप आतूनच घेणारे अर्थशास्त्रज्ञही झाले आहेत. मूळचे हंगेरीचे आणि पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे अध्यापन केलेले टिबॉर सिटॉव्स्की हे त्यांपैकी एक. ‘द जॉयलेस इकॉनॉमी’ हा त्यांचा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. संपन्न समाजात उत्पन्न वाढत असताना आनंद त्या प्रमाणात का वाढत नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्यांनी सुखसोय आणि आनंद या दोहोंत फरक केला. सुखसोय ही एक स्थिती आहे. आनंद हा एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाताना येणारा अनुभव आहे. भुकेल्या माणसाला जेवणाची जी गोडी कळते, ती दिवसभर चरत राहणाऱ्याला कळत नाही. म्हणून सर्व प्रकारची गैरसोय आयुष्यातून काढून टाकण्याच्या नादात माणूस सुखसोय विकत घेतो आणि नकळत आनंदाची जागाच बुजवून टाकतो, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. आपल्याकडील परंपरेला हा विचार अपरिचित वाटू नये. उपवासानंतरचे पारणे आणि पायी वारीनंतरचे दर्शन यांचे मोल ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याला हे वेगळ्या भाषेत सांगण्याची आवश्यकता नाही.

मध्यम वय हा या व्यवहाराचा खरा हंगाम असतो. पंचविशीत माणसाजवळ वेळ आणि ताकद असते, पैसा नसतो. पंचेचाळिशीत पैसा असतो. आणि त्या पैशाने तो सर्वप्रथम आपल्या शरीराचे श्रम विकत घेऊन टाकतो. जिन्याऐवजी लिफ्ट, सायकलऐवजी स्कूटर, स्कूटरऐवजी मोटार, मंडईऐवजी घरपोच भाजी, असा हा क्रम आहे. यांतील प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर अगदी शहाणपणाचा असतो. परंतु या सर्व शहाण्या निर्णयांची बेरीज मात्र एका सपाट, चढउतार नसलेल्या दिवसात होते. नोकरीत बढती मिळते तीदेखील बहुधा अधिक मऊ खुर्चीच्या रूपाने.

या वयाच्या समाधानाविषयी काही आकडेवारीही उपलब्ध आहे. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वल्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली अनेक देशांतील पाहण्यांच्या आधारे असे दाखविले, की माणसांनी स्वतः सांगितलेले समाधान तारुण्यात बरे असते, मध्यम वयात तळ गाठते आणि पुढे पुन्हा वर चढते. ब्लँचफ्लॉवर यांनी नंतर याहून अधिक देशांची माहिती तपासली, तेव्हा हा तळ साधारणतः सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांच्या आसपास आढळला. अलीकडच्या काही वर्षांत अनेक देशांतील तरुणांचे मानसिक स्वास्थ्यच इतके खालावले आहे, की या वक्ररेषेचा आकार पूर्वीसारखा राहिलेला नाही, असे तेच संशोधक आता नमूद करतात. तेव्हा या रेषेला निसर्गनियम मानण्याचे कारण नाही. तथापि ज्या वयात मिळकत बहुधा शिखराजवळ असते त्याच वयात समाधान तळाशी असावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. घराच्या कर्जाचे हप्ते, मुलांच्या परीक्षा आणि वृद्ध आईवडिलांची आजारपणे ही सर्व ओझी याच वयात एकदम खांद्यावर येतात, हे खरे. परंतु ओझे वाढत असताना ते पेलणारे शरीर मात्र वापरातून जात असते, हेही तितकेच खरे आहे.

टाकाऊ सायकलींचा शोध

सिटॉव्स्की यांचे पुस्तक ज्या वर्षी निघाले, त्याच वर्षी स्टॅनफर्डपासून फारशा लांब नसलेल्या मरीन परगण्यात एक वेगळाच प्रयोग चालू होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, गोल्डन गेट पुलापलीकडे टॅमलपाइस नावाचा सुमारे अडीच हजार फूट उंचीचा डोंगर आहे. त्याच्या परिसरात काही तरुण १९३०-४०च्या सुमाराच्या जाड टायरांच्या, भंगारात निघालेल्या सायकली घेऊन कच्च्या रस्त्यांनी खाली उतरण्याचा खेळ खेळत. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी वणवा विझविणाऱ्या गाड्यांसाठी काढलेल्या एका मार्गावर शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट खाली येणाऱ्या या उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे, की त्यातील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यावरूनच त्या वाटेला ‘रिपॅक’ हे नाव पडले. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ यांनी अशा वापरासाठी खास चौकट तयार केली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या चौकटी घेऊन या सायकलींचा व्यवसाय सुरू केला. १९८१ मध्ये कारखान्यात मोठ्या संख्येने बनविलेली माउंटन बाइक बाजारात आली आणि १९९६ साली अॅटलांटा येथे या खेळाला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले.

या इतिहासातील एक तपशील प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. प्रारंभी या जड सायकली डोंगरावर नेण्यासाठी पुष्कळदा मालमोटारीचा आश्रय घ्यावा लागे, कारण त्यांना गिअर नव्हते. उतरता येत होते, चढता येत नव्हते. जुन्या चौकटीला गिअर बसविले गेले आणि स्वतःच्या पायांनी वर जाणे शक्य झाले, तेव्हाच या छंदाचे रूपांतर एका नव्या वाहनात झाले. म्हणजे माउंटन बाइकचा जन्म हा मालमोटारीतून उतरण्याचा इतिहास आहे. आपल्याकडील सुखवस्तू सायकलस्वार आज तो उलट्या दिशेने गिरवीत आहे.

गिअरचे गणित

शर्यतीसाठी जन्मलेले हे यंत्र प्रौढ वयाला इतके मानवले याचे कारण त्याच्या रचनेत आहे. रुंद टायर खड्डे आणि खडी पचवितात, सरळ हँडलमुळे कंबर फार वाकवावी लागत नाही, आणि हलक्या गिअरमुळे चढ आवाक्यात येतो. आपल्या परिचयाच्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सपाट रस्त्याला हे ठीक. चढावर मात्र माणूस उतरून सायकल ढकलू लागतो. डोंगरी सायकलीवर पुढे २४ आणि मागे ३२ दात्यांची जोडी लावली, तर त्याच एका फेऱ्यात चाक केवळ पाऊण वेळा फिरते. पायावर येणारा भार त्यामुळे तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो. अर्थात फेऱ्यांची संख्या त्याच प्रमाणात वाढते. एकंदर काम कमी होत नाही. ते लहान लहान हप्त्यांत वाटले जाते. कर्जाच्या हप्त्यांत आयुष्य घालविणाऱ्या वर्गाला हे तत्त्व समजावयास कठीण जाऊ नये.

प्रौढ वयाला चढ कमी नको असतो; गिअर हलका हवा असतो. शरीरशास्त्रही याच बाजूचे आहे. वयाच्या तिशीनंतर प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल क्षमता हळूहळू घटत जाते आणि बैठ्या माणसात ही घट अधिक वेगाने होते. नियमित परिश्रमाने ती पूर्णपणे थांबविता येत नाही, पण पुष्कळ अंशी मंदावता येते. धावण्यात शरीराचा सारा भार गुडघ्यांवर आदळतो. सायकलवर तो बराचसा खोगिरावर राहतो. शिवाय खडकाळ वाटेवर लक्ष सतत समोरच्या दोन हातांवर ठेवावे लागते. अशा उतारावर घराच्या कर्जाचा हप्ता आठवत नाही. ज्याला मनाची विश्रांती म्हणतात ती निष्क्रियतेतून येते असा समज आहे; वस्तुतः ती अनेकदा एकाग्र श्रमातून येते. ज्यांना हृदयविकार वा रक्तदाब आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून चढाच्या वाटेला जाऊ नये, हे अर्थातच सांगावयास हवे.

बसचा जिना

मात्र आठवड्यातून एका पहाटेचा पराक्रम आणि रोजचे स्वास्थ्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. या संदर्भात ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञ जेरी मॉरिस यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेले संशोधन आजही मार्गदर्शक ठरते. त्यांनी लंडनच्या बसचालकांची आणि वाहकांची तुलना केली. दोघे एकाच बसवर, एकाच रस्त्यावर, एकाच धुरात काम करीत. परंतु चालक दिवसभर बसून असे आणि वाहक दुमजली बसचा जिना दिवसभर चढत-उतरत असे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार वाहकांमध्ये कमी आणि चालकांमध्ये अधिक आढळला. मॉरिस यांचा प्रामाणिकपणा असा, की पुढे त्यांनी या माणसांच्या गणवेशांच्या मापांचीही तपासणी केली आणि चालक मुळातच अधिक रुंद कमरेचे असतात हेही नोंदविले. म्हणजे सारा फरक जिन्याचाच होता असे म्हणता येत नाही. परंतु त्यानंतरच्या अनेक दशकांच्या संशोधनाने मूळ निष्कर्षाची दिशा बदलली नाही. मुंबईकरांना दुमजली बसचा हा जिना नवा नाही. तो चढणाऱ्या वाहकाने व्यायामासाठी वेगळा तास कधी काढला नव्हता. कामातच व्यायाम मिसळलेला होता.

अर्थशास्त्रात ज्याला संयुक्त उत्पादन म्हणतात ते हेच. मेंढीपासून लोकर आणि मांस दोन्ही मिळतात, तसे रोजच्या सायकलीपासून प्रवास आणि व्यायाम दोन्ही एकाच वेळेत मिळतात. मध्यम वयात टंचाई असते ती पैशाची नव्हे, तर वेळेची. व्यायामशाळेचे शुल्क भरणारे पुष्कळ असतात, जाणारे थोडे. कारण शुल्क पैशात भरता येते आणि हजेरी वेळेत भरावी लागते. समजा, घर आणि कार्यालय यांत सहा किलोमीटरांचे अंतर आहे. ताशी बारा किलोमीटरांच्या बेताच्या गतीने त्याला अर्धा तास लागेल. गर्दीच्या वेळी मोटारीलाही याहून फार कमी लागतो असे नाही. जाऊन-येऊन दिवसाला एक तास आणि पाच दिवसांत ३०० मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम श्रम सुचविला आहे. एक दिवसही वेगळा व्यायाम न करता ही मर्यादा गाठली जाते.

ब्रिटनमधील २,६३,४५० व्यक्तींच्या माहितीवर आधारलेले एक संशोधन २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. या व्यक्तींचे सरासरी वय ५२.६ वर्षे होते, म्हणजे तो प्रस्तुत वयोगटच होता. सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये अभ्यासाच्या कालावधीत मृत्यूचा धोका, मोटारीने वा सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांच्या तुलनेने, ४१ टक्क्यांनी कमी आढळला. मुळात निरोगी असणारेच सायकल निवडतात, हा आक्षेप येथेही लागू आहे आणि संशोधकांनी तो शक्य तेवढा हिशेबात घेतला होता. तरीही हा फरक दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही.

आपल्या देशातील चित्र याच्या शेजारी ठेवून पाहावे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ११.४ टक्के व्यक्ती मधुमेही, तर ३५.५ टक्के उच्च रक्तदाबाच्या आढळल्या. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०२२ साली सुमारे निम्म्या भारतीय प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती, पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. रविवारच्या घाटातील काही हजार सायकलस्वार कितीही उत्साही असले, तरी हे आकडे त्यांच्या हातून हलणारे नाहीत. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिका ओलांडणारी सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु अशा पराक्रमाचे सार्वजनिक मूल्य, तो पाहून किती जण सोमवारी सायकलने कामावर निघतात, यावरच ठरणार आहे.

सायकल स्वस्त, चालविणे महाग

मग ते निघत का नाहीत? आळस हे उत्तर अपुरे आहे. जो माणूस रविवारी पहाटे साडेचारला उठून घाट चढतो, त्याला आळशी म्हणता येणार नाही. किंमत हेही कारण नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्ह झाले. त्याच दिवशी साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील आणि लहान मोटारींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला. म्हणजे सापेक्ष किमतीच्या भाषेत सायकलीची स्थिती फारशी सुधारली नाही. परंतु कराचा मुद्दा दुय्यमच आहे. दुकानातील किमतीखेरीज सायकलीची आणखी एक किंमत असते आणि ती रस्त्यावर मोजावी लागते. पाठीमागून येणाऱ्या बसच्या भोंग्याची, उघडणाऱ्या मोटारीच्या दाराची, फुफ्फुसात जाणाऱ्या धुराची आणि जिवाच्या धास्तीची ही किंमत आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. सायकल स्वस्त झाली. सायकल चालविणे स्वस्त झाले नाही. रविवारची पहाट निवडली जाते ती निसर्गप्रेमाइतकीच या हिशेबाने. त्या वेळी रस्ता रिकामा असतो.

पुण्याचा अनुभव येथे उद्बोधक आहे. ‘वाहने नव्हे, माणसे हलवावयाची आहेत’ असे तत्त्व राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ सालीच मांडले होते. त्या काळात केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेखाली शहरात सायकलमार्ग बांधले गेले. २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच सुमारास भाड्याच्या सार्वजनिक सायकलीही रस्त्यावर आल्या. पुढे काय झाले ते रस्त्यावर दिसते. कित्येक मार्ग मध्येच खंडित झालेले आहेत, कोठे विजेचा खांब आडवा आहे, कोठे हातगाडी, कोठे उभी केलेली मोटार. आणि त्या भाड्याच्या सायकली काही वर्षांतच बहुतांशी दिसेनाशा झाल्या. साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतके असते. सहा किलोमीटरांच्या वाटेत शंभर मीटरांचा तुकडा जीवघेणा असेल, तर उरलेल्या ५,९०० मीटरांवरील खर्च वाया गेला, असेच प्रौढ माणूस मानतो. पंचविशीतला तरुण तेवढा धोका पत्करील. ज्याच्यावर कुटुंब अवलंबून आहे तो पत्करणार नाही, आणि त्याने पत्करू नये.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. शाळेत जाण्यासाठी मुलींना सायकली देण्याच्या योजना महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली राबविल्या गेल्या. बिहारमध्ये २००६ साली सुरू झालेल्या योजनेमुळे माध्यमिक शाळेतील मुलींची संख्या लक्षणीय वाढली, हे अर्थशास्त्रज्ञांनी मोजून दाखविले आहे. मात्र शाळा संपल्यावर ती सायकल कोठे जाते? बहुधा ती धाकट्या भावाकडे जाते, आणि मुलगी घर, चूल आणि पुढे चाळिशीतील गुडघेदुखी यांकडे जाते. ५७ टक्के या आकड्याचा उगम व्यायामाच्या नावडीत शोधण्यापेक्षा या हरवलेल्या सायकलीत शोधणे अधिक फलदायी ठरेल.

टेकडीचा जमाखर्च

चढाचा आनंद घेण्यासाठी प्रत्येकाने सह्याद्रीत जाण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील अनेक शहरांना निसर्गाने घराजवळच चढ दिला आहे. पुण्याच्या मध्यावर वेताळ टेकडी आणि तळजाई आहे. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भाड्याची सायकल घेऊन कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चढत जाता येते, आणि त्यासाठी लाखाच्या घरातील सायकल लागत नाही. टेकडी ही खऱ्या अर्थाने सार्वजनिक ठेव आहे. तिच्यावर चढणाऱ्याकडून कोणी तिकीट घेत नाही, आणि नेमक्या याच कारणाने तिची किंमत कोणत्याही हिशेबात मांडली जात नाही. वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता काढण्याचा प्रस्ताव कित्येक वर्षे वादात आहे. अशा प्रस्तावात मोटारींची वाचणारी मिनिटे रुपयांत मोजली जातात; परंतु टेकडीवर रोज सकाळी जाणाऱ्या हजारो प्रौढ माणसांचे टळलेले आजारपण त्याच कागदावर कोठेही येत नाही. जमेची एक बाजू कोरी ठेवून काढलेला ताळेबंद खरा मानावयाचा नसतो.

त्याचबरोबर सायकलस्वारांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. टेकडी त्यांच्या एकट्यांची नाही. ज्या मरीन परगण्यात हा खेळ जन्मला, तेथेच १९८०च्या दशकात पादचारी, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांच्यात तीव्र कलह झाला. अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या आणि रुंद कच्च्या रस्त्यांवरही ताशी १५ मैलांची मर्यादा आली. पावसाळ्यात ओल्या उतारावरून दातेरी टायर गेले की चाकोऱ्या पडतात, पाणी त्यांतून वाहते आणि माती धुपते. सकाळी फिरावयास येणाऱ्या सत्तरीतल्या गृहस्थाला वळणावर अचानक समोर आलेली सायकल ही मोटारीइतकीच भीतिदायक असते. सामाईक संपत्ती नियमांवाचून टिकत नाही. कोणत्या वाटा पायी जाणाऱ्यांच्या, कोणत्या सायकलींच्या आणि पावसाळ्यात कोणत्या सर्वांनाच बंद, हे सायकलस्वारांच्या संघटनांनी आपण होऊन ठरविले, तर टेकडी वाचविण्याचा त्यांचा आग्रह अधिक वजनदार होईल.

रविवारचा आणि सोमवारचा

या साऱ्या विवेचनात एक वर्ग अद्याप आलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के माणसे सायकलने कामावर जात होती. रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी, कॅरिअरला थापी आणि डबा बांधून निघालेला गवंडी, कारखान्याच्या दाराशी वेळेवर पोहोचण्याची घाई असलेला कंत्राटी कामगार, हे ते सायकलस्वार. त्यांचा चढ ऐच्छिक नाही, आणि म्हणून त्यात सिटॉव्स्कींना अभिप्रेत असलेला आनंदही नाही. त्यांना व्यायामाचे महत्त्व पटवून देणे ही क्रूर थट्टा होईल. त्यांना हवा आहे तो सुरक्षित रस्ता, आणि तो मागण्यासाठी लागणारा आवाज त्यांच्याजवळ नाही.

हा आवाज रविवारच्या सायकलस्वाराजवळ आहे. महापालिकेच्या अधिकाऱ्याला तो नावाने ओळखतो, वर्तमानपत्राला पत्र लिहू शकतो, न्यायालयाची पायरी चढू शकतो. पुष्कळदा तो स्वतःच एखाद्या कचेरीचा वा कारखान्याचा प्रमुख असतो. आपल्या आवारात सायकलींसाठी छप्पर, अंग धुण्यासाठी एक मोरी आणि हजेरीत अर्ध्या तासाची सवलत देणे त्याच्या अधिकारात असते. ब्रिटनने १९९९ साली नोकरदारांना मालकामार्फत करसवलतीने सायकल मिळण्याची सोय केली. तशी मागणी येथे संघटितपणे करणारा वर्गही हाच होऊ शकतो. परंतु आजवर त्याची मागणी बहुधा रविवारच्या शर्यतीसाठी रस्ता बंद ठेवण्यापलीकडे गेलेली नाही. सोमवारी तो मोटारीत बसतो आणि ज्या सायकलवाल्याला भोंगा वाजवून कडेला सारतो, तो वस्तुतः त्याचा सर्वांत जवळचा हितसंबंधी असतो.

मध्यम वयाचे स्वास्थ्य ही बाजारातून आणावयाची वस्तू नाही, मग ती कितीही गिअरची असो. ते रोजच्या दिवसात मिसळलेल्या लहानशा चढावर अवलंबून आहे, आणि तो चढ रोज निर्भयपणे चढता यावा यासाठी लागणारा रस्ता कोणालाही एकट्याने विकत घेता येत नाही. तो सर्वांनी मिळून मागावा लागतो. पहारेकऱ्याला आणि त्याच्या साहेबाला एकाच सायकलमार्गाची गरज आहे, हे साहेबाला उमगेल तेव्हा त्या मार्गातील विजेचा खांब हलण्याची काही आशा आहे.